न दुखणारी गाठ

पोशीरच्या सुंदरा सुइणीने आपल्या हाताने साडेचारशे पोरं जगात आणली आणि दोन बायका मारल्या. यातला दुसरा हिशेब लोकांचा नव्हे, तिचा स्वतःचा. कुणी समजूत घालायला गेलं, "अगं, तू कुठली मारतेस, त्यांची वेळच आली होती," की ती त्याच्या अंगावर जायची. "वेळ येते म्हंजे काय रं? मोटारीत बसून येते? मी पान बांधीत बसले, तवर ती आत वाढत व्हती. वेळबिळ काय नाय. अडानीपना माजा!"

ठेंगणी, काळीसावळी, पन्नाशीची बाई. दात पुढे आणि आवाज भाताच्या गिरणीसारखा. नवरा तरुणपणीच गेला, पोरबाळ नाही. अक्षरओळख शून्य; पण पोटावरून एकदा हात फिरवला की मूल कसं वळलंय ते सांगायची, आणि तिचं चुकलेलं पोशीरात कुणाला आठवत नाही. बाळंतिणीला सव्वा महिना न्हाऊमाखू घालणं, बाळाला पायावर घेणं, दूध गाठलं तर मोकळं करणं, हे सगळं तिच्याकडे. सुइणीला घराच्या पार नहाणीपर्यंत मुभा असते. नवऱ्यालाही जे दिसत नाही ते तिला दिसतं. दिसूनही कळलं नाही, हाच तिचा राग होता.

सेहेचाळीस सालच्या पौषात येसाजीची लेक सोमी बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलाच मुलगा. पाचव्या दिवशी सोमीचं दूध गाठलं, छाती दगडासारखी झाली, पोरगी रडकुंडीला आली. सुंदराने चुलीवर एरंडाचं पान शेकलं, तेल लावून बांधलं, गाठ हळूहळू चोळून मोकळी केली. सोमी शांत झाली. तेव्हा सोमीची आई अंबाबाई, वय बेचाळीस-त्रेचाळीस, पदर तोंडाशी धरून हसली.

"सुंदराबाय, एक पान मलाबी बांध की गं."

"तुला कशाला? तुला काय आता पोर व्हायचंय?"

"नातवाची माया धरली असंल. बघ की जरा, हितं हाय."

सोमीही हसली. बाळाची धुपाटणी धरून बसलेली शेजारीण हसली. त्या हसण्यात वावगं काही नव्हतं, तिथली समजूतच तशी होती. लेक माहेरी बाळंत झाली, नातवंड मांडीवर आलं, की आजीच्या अंगातही पान्हा जागा होतो आणि एखादी गाठ धरते. ती मायेची गाठ. तिला चिडवायचं, हसायचं, पान बांधायचं आणि विसरून जायचं. एरवी चाळिशी उलटलेल्या बाईने आपल्या छातीचं नाव कुणापुढे काढलं असतं? नवऱ्यापुढे नाही, सासूपुढे नाही, वैद्यापुढे तर नाहीच. घरात बाळंतीण आहे, हसणं चाललंय, तेवढ्या आडोशाने ती एक वाक्य बोलू शकत होती. आणि त्या एका वाक्याला उत्तर काय मिळायचं, तर एरंडाचं पान.

सुंदराने हात लावला. उजव्या बाजूला, काखेकडे, सुपारीएवढं काहीतरी. कठीण. हलवून हलेना.

"दुखतं?"

"छा! दुखत असतं तर आदीच नसतं सांगितलं? मुकी पडून हाय बिचारी."

सुंदराचा हात तिथेच राहिला. कोंडाण्याच्या तिच्या मावशीची अशीच होती. तीही म्हणाली होती, दुखत नाही. तेव्हाही घरात नातू झाला होता, तेव्हाही सगळ्या हसल्या होत्या, आणि सगळ्यांत मोठ्याने सुंदरा हसली होती. अकरा महिने तिने पानं बांधली. मग ती गाठ फुटली आणि घरात वास सहन होईना म्हणून मावशीला गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवलं. तिथे ती गेली. दुसरी नेरळच्या वाटेवरच्या वाडीतली. तिचंही तसंच, फक्त तिला बिब्ब्याचे चटकेही दिले होते. त्या दोघी आणि ही तिसरी. एवढं बोटांना आत्ता, या घटकेला कळलं.

शेकलेलं पान तिने चुलीत टाकलं.

"अगं, बांध की!"

"नाय बांधायचं."

"का गं?"

"माझी मर्जी! तुझं धाकटं पोर सात वर्साचं. दूध कुठलं आनि गाठ कुठली? नातवाची माया म्हनं! माया काय सुपारीसारखी लागते हाताला?"

हसणं एकदम थांबलं. अंबाबाईने पदर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सुंदरा नेरळहून गाडीत बसली आणि कर्जतला उतरली. तिथल्या दवाखान्यात द्वारकाताई नर्स होत्या. गावातल्या जुन्या ब्राह्मण घरातल्या, अकराव्या वर्षी विधवा झालेल्या. भावाशी भांडून पुण्याला जाऊन नर्सिंग शिकलेल्या. जिभेने तिखट. अडलेली बाळंतीण घेऊन सुंदरा दोनदा त्यांच्याकडे आली होती आणि दोन्ही वेळा दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

द्वारकाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"एरंडाचं पान! सुंदरा, किती जणींना बांधलंस आजवर?"

"दोघींना."

"आणि त्या कुठं आहेत?"

"तुमाला ठावं हाय कुठं हायत. नायतर मी हितं कशाला आले असते?"

"हा कॅन्सर असतो, बाई. कॅन्सर. दुखत नाही म्हणून बायका गप्प बसतात आणि दुखायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. एवढंसुद्धा तुम्हा लोकांना—"

"आमा लोकांना कुनी सांगितलं?" सुंदरा उसळली. "तुमी सांगितलं? वीस वर्सं तुमी हितं खुर्चीत. एकदा तरी पोशीरला येऊन सांगितलंत, की बायांनो, दुखत नाय ती वाईट? औषदाच्या बाटलीवर लिवलंत म्हंजे आमी वाचलं व्हय?"

द्वारकाताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खरं म्हणजे पुण्याला शिकताना त्यांनाही कुणी हे धड शिकवलं नव्हतं. एका डॉक्टरणीकडून उभ्या उभ्या ऐकलेलं. आणि ऐकलेलं कपाटात ठेवल्यासारखं त्यांनी इतकी वर्षं ठेवून दिलं होतं.

"उद्या येते मी," त्या म्हणाल्या. "बाळाला बघायला म्हणून येते. नाहीतर तुझा तो येसाजी दारात उभा करायचा नाही."

त्या आल्या. बाळाला बघितलं, सोमीला दोन गोष्टी सांगितल्या आणि नहाणीत नेऊन अंबाबाईला तपासलं. काखही तपासली. मग पाटावर बसूनच म्हणाल्या, "परळला या रोगाचं इस्पितळ निघालंय. महिन्याच्या आत तिथं जायचं. शस्त्रक्रिया करावी लागेल."

"कापत्यात?"

"कापतात."

"समदं?"

"त्या बाजूचं सगळं."

अंबाबाईने चुलीतलं विझत आलेलं लाकूड आत सारलं. "आनि मग जगतं मानूस?"

"लवकर गेलं तर पुष्कळ जणी जगतात. उशिरा गेलेल्यांचं मी सांगत नाही."

आता इथून पुढे जे झालं ते सुंदरा कुणालाही सांगायला लागली की तिच्या कपाळावरची शीर टरारायची. कारण पुढे दोन महिने गेले. साठ दिवस. आणि ते रोगाने नेले नाहीत.

येसाजी वाईट माणूस नव्हता. बायकोला मारणारा नाही, दारू पिणारा नाही. पण द्वारकाताईंनी सांगितलेलं त्याने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी एकटाच नेरळच्या बाजारातल्या एका डॉक्टरकडे गेला. "बायकोला अंगावर गळू झालंय," म्हणाला. कुठं, ते बोलला नाही. डॉक्टरनेही विचारलं नाही. काळ्या मलमाची डबी घेऊन घरी आला.

"बाय बघितली नाय आनि मलम दिलं?" सुंदरा डबी हातात घेऊन ओरडली. "बैल आजारी पडला तर ढोरांच्या डाक्टरला गोठ्यात आनतोस. बैलाची शेपटी उचलून दाखवतोस! आनि बायकोला गळू झालं म्हनून सांगून मोकळा?"

"आता परक्या मान्साला काय दाखवायचं सुंदराबाय? काय बोलतेस!"

मलमात दहा दिवस गेले. मग खरं कारण बाहेर आलं. पोपटचं लग्न. पोपट त्याचा थोरला मुलगा; लोधिवलीची मुलगी ठरली होती, वैशाखातला मुहूर्त होता. लग्नाआधी घरात देवक बसतं, तिथे नवऱ्यामुलाच्या आईबापांनी जोडीने पाटावर बसायचं असतं. अंग कापलेली बाई त्या पाटावर चालत नाही. अशुभ. व्यंग असलेलं माणूस देवापुढे कसं बसवायचं? तेव्हा लग्न होऊ दे, मग काय ते बघू.

"चार महिने!" सुंदरा म्हणाली. "चार महिन्यात ती गाठ काय तुझ्या लग्नाच्या अक्षता निवडीत बसनार हाय?"

आणि अंबाबाई? ती नवऱ्याच्या बाजूने. "पोराचं लगीन बघू दे मला, सुंदराबाय. मग काय व्हायचं ते हू दे."

"लगीन बघशील. आनि नातू? तो कोन बघंल? तुझा फोटू?"

अंबाबाईला मरायची भीती नव्हती असं नाही. पण मुलाच्या लग्नात पाटावरून उठवलेली आई म्हणून सगळ्या भावकीने आपल्याकडे बघायचं, ही भीती तिला जास्त कळत होती. ती तिने पाहिलेली होती. मरण अजून पाहायचं होतं.

सुंदरा थेट भटजींकडे गेली. तात्या भटजी नेरळचे, वयस्क, तापट. अंगणात ऊन खात बसले होते. तिने विचारलं, "आई पाटावर बसू शकत नसली, तर लगीन राहतं का?"

"कशाला राहतंय? चुलता-चुलती बसवायची. आई-बाप नसलेल्या पोरांची लग्नं होत नाहीत का? हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. येसाजीचा थोरला भाऊ आहे ना भिवाजी? त्याला आणि त्याच्या बायकोला बसव म्हणावं."

सुंदरा पोशीरला परत आली ती जवळजवळ धावतच. येसाजीला तिने हे सांगितलं. येसाजी बांधावर बसून काडीने माती उकरत राहिला. आणि मग तिला सगळं समजलं.

भिवाजी आणि येसाजी नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण खळं. दोघा भावांचं भात झोडायचं खळं एकच. सदतीस साली येसाजीने आपलं भात झोडून झाल्यावरही पेंढा उचलला नाही, चार दिवस आज-उद्या केलं, आणि तेवढ्यात अवकाळी पाऊस आला. कापून ठेवलेलं भिवाजीचं सगळं भात भिजलं, त्याला मोड आले. त्या दिवसापासून अंगण एक, विहीर एक, आणि बोलणं बंद. लग्नाला चुलता-चुलती बसवायची म्हणजे येसाजीने अंगण ओलांडून भावाच्या दारात जायचं आणि म्हणायचं, "दादा, पाटावर बसशील का?" चार शब्द. ते चार शब्द बोलायला नकोत म्हणून बायकोच्या छातीतली गाठ वाढत होती. शास्त्र नाही, देव नाही, काही नाही. पेंढा.

त्यात फेब्रुवारीत मुंबईत नाविकांचं बंड झालं, परळ-लालबागला गोळीबार झाला. येसाजीला नवं निमित्त मिळालं. "तिकडं गोळ्या सुटतायत आनि बायकोला घेऊन जाऊ?" गोळीबार तीन दिवसांत थांबला. येसाजीचं निमित्त थांबलं नाही.

मग सुंदरा पाणवठ्यावर बोलायला लागली. सकाळी विहिरीवर बायका जमल्या की कळशी खाली ठेवून उभी राहायची. "ए, ऐका गं! अंघोळ करताना हात फिरवून बघा. काखंत बघा. गाठ लागली आनि दुखत नसली, तर ती जास्त वाईट. माझ्याकडं या. पान मी बांधनार नाय, कुनी बांधलं तर तिचं मी मनगट मोडीन." पोरी खिदळल्या. म्हाताऱ्या थू थू करत निघून गेल्या. पण दोघीजणी संध्याकाळी मागच्या दाराने आल्या. एकीचं काहीच नव्हतं. दुसरीची दुधाचीच होती, तान्हं मूल होतं अंगावर. दोघींना तिने शिव्या देऊन आणि गूळ-खोबरं देऊन परत पाठवलं. शिव्या भीती घालवायला.

गावकीला हे पटलं नाही. रविवारी सकाळी मारुतीच्या देवळापुढे पुरुष जमले आणि सुंदराला बोलावणं आलं. ती पायरीखाली उभी राहिली. पाटलांनी घसा साफ केला.

"सुंदराबाय, पानवठ्यावर बायांना काय शिकवतेस तू?"

"तुमच्या घरात इचारा की. त्या सांगतील."

"त्या सांगत नायत म्हनून तुला इचारतो."

"बघा! घरची बाय घरच्या मान्साला सांगत नाय. म्हनून तर मला पानवठ्यावर बोलावं लागतं."

कुणीतरी मागे हसलं. पाटील चिडले. "तू बाळंतपनाचं काम कर. बाकीची घान बोलायची नाय. नायतर गाव दुसरी सुईन बघंल."

"घान?" सुंदरा एक पायरी चढली. "तुमी हितं बसलाव ना, तुमच्यातल्या बारा-पंधरा जनांची नाळ मी कापलीय. पाटील, तुमच्या पोराची कापलीय. समदे आईच्या अंगावर पिऊन मोठं झालाव, दोन-दोन वर्सं लोंबकळून! तवा घान नव्हती? आनि आता त्याच जागी बायला गाठ आली, तर नाव घ्यायची लाज वाटते तुमाला? मरू देत, पन नाव घेऊ नका, असंच ना?"

तिथेच ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण राग आला की सुंदराला थांबता येत नसे. तिने बोट येसाजीकडे केलं.

"हा बघा. याच्या बायकोला गाठ हाय. परळला नेली तर वाचंल म्हनून नर्सबाय सांगून गेली. हा नेत नाय. का? तर पोराच्या देवकाला पाटावर कोन बसंल! तात्या भटजी म्हनतात, चुलता बसव. पन भावाला इचारायचं कसं? तोंड झिजंल ना! नऊ वर्सांपूर्वीच्या पेंढ्यापाई हा बायको मारतोय!"

येसाजीचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो उठला. पण त्याच्याआधी पलीकडच्या खांबाशी बसलेला भिवाजी उठला. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून.

"मला कुनी इचारलं?" तो म्हणाला. येसाजीकडे न बघता. "नऊ वर्सं कुनी इचारलंच नाय. इचारलं असतं तर मी नाय म्हनलो असतो का? पोपट काय परका हाय मला?"

येसाजी देवळाची पायरी उतरून चालता झाला.

सुंदराला वाटलं, जिंकले. घरी येते तो दारात अंबाबाई उभी. तिला कुणीतरी पळत जाऊन सांगितलं होतं. तिचे डोळे कोरडे होते.

"माझ्या अंगावरची गाठ तू देवळापुढं मांडलीस? समद्या बाप्यांपुढं?"

"अंबे, मी—"

"मला इचारलंस?"

भिवाजी जे म्हणाला तेच ही म्हणत होती. कुणी तिलाही विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, डॉक्टरने नाही आणि इतकं भांडणाऱ्या सुंदरानेही नाही. अंबाबाई मागे वळून निघून गेली आणि दोन दिवस सुंदराला तिने नहाणीत घेतलं नाही. सोमीच्या बाळाला तिने स्वतःच न्हाऊ घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती लुगडं बदलून आली. हातात बोचकं.

"चल."

"कुठं?"

"परळला. आता समद्या गावाला ठावं झालंय. लपवायचं ते राहिलंय काय? मी काल मधलं अंगन वलांडून जावेकडं गेले. बोलले, थोरल्या बाय, पाटावर तुमी बसा, मी चालले. ती रडायला लागली. बोलली, नऊ वर्सं वाट बघत व्हते. आता रडतेय! नऊ वर्सं वाट बघत बसली आनि बोलली नाय!" सुंदराने अंबाबाईला असं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "समदे वाट बघत बसतात. मरायचं मी!"

बरोबर भिवाजी गेला, द्वारकाताई गेल्या, सुंदरा गेली. इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "किती दिवसांपासून आहे?" द्वारकाताई उत्तर द्यायला लागल्या, तर अंबाबाईच बोलली. "मला ठावं झालं श्रावनात. हिला ठावं झालं पौषात. मालकाला ठावं झालं पौषातच. आता फाल्गुन लागलाय. हिशेब तुमीच करा."

डॉक्टर द्वारकाताईंना इंग्रजीत म्हणाले, काखेत थोडं गेलंय. दोन महिन्यांपूर्वी कदाचित गेलेलं नसतं. कदाचित. ते नक्की सांगू शकत नव्हते. पण तो शब्द द्वारकाताईंनी मराठीत सांगितला आणि सुंदराने तो कायमचा धरून ठेवला.

भिवाजीने कागदावर अंगठा उठवला. ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी येसाजी आला, हातात पेरवांची पिशवी. व्हरांड्यात बाकावर बसून राहिला, आत जायची हिंमत होईना. संध्याकाळी अंबाबाईनेच आत बोलावलं. दोघं काय बोलली कुणाला ठाऊक. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा सुजलेला होता. सुंदराला त्याची कीव आली का? नाही आली. लोकांना वाटतं, शेवटी सगळ्यांची कीव यावी. तिला नाही आली.

लोधिवलीला निरोप गेला होताच, की वरमायेचं असं असं झालंय, तुम्हाला चालत नसेल तर सांगा. येसाजीला खात्री होती, लग्न मोडणार. पण चार दिवसांत उलट निरोप आला: मुहूर्त बदलायचा नाही, आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे की विहीणबाईंना अवश्य आणा. सगळ्यांना नवल वाटलं. व्याह्याच्या बायकोने, इंदूबाईने, हट्टच धरला होता म्हणे.

देवकाला भिवाजी आणि त्याची बायको बसली. लग्न वैशाखात लोधिवलीला, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, मोठ्या मांडवात. कंट्रोलचं कापड, तरी सगळ्या नटलेल्या. अंबाबाई उजव्या बाजूवर पदर दुमडून घेऊन बसली होती. बायका बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं करत होत्या.

विहिणीचे पाय धुवायची वेळ आली. इंदूबाई परात घेऊन खाली बसली. चाळिशीची, हसऱ्या तोंडाची, घाईघाईने बोलणारी बाई. तिने तांब्यातून पाणी सोडलं, अंबाबाईच्या जोडव्यांवर हळद लावली. आणि मान खाली घालूनच पुटपुटली, "विहीनबाय, कापताना लई दुखतं का हो?"

अंबाबाई खाली वाकली. "तुमाला कशाला?"

"असंच."

"किती दिस झाले?"

इंदूबाईच्या हातातला तांब्या परातीच्या काठाला वाजला. "दिवाळीच्या आदीपासनं. दुखत नाय. पोरीचं लगीन ठरत व्हतं, म्हनलं मोडंल. तुमचा निरोप आला तवा मला वाटलं, ही बाय तरी बघावी एकदा डोळ्यांनी. जित्ती हाय का."

अंबाबाईने ओले पाय परातीतून काढले. हळदीचे ठसे उमटवत ती मांडवातून चालत गेली आणि पंगतीत बसलेल्या सुंदराला दंडाला धरून उठवलं. तिघी आतल्या खोलीत गेल्या. बाहेर वाजंत्री जोरात चालू होती. सुंदराने हात लावला. लावला, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून काही शिवी आली नाही.

बाहेर येऊन तिने व्याह्यांना गाठलं. व्याही भला माणूस, उपरण्याने घाम पुसत उभा होता. त्याने ऐकलं आणि गोंधळून गेला. "मला कायच ठावं नाय. बघू की. आज लगीन, उद्या वरात, परवा पूजा. हे आटपलं की—"

सुंदरा तोंड उघडणार तोच अंबाबाई मधे आली. ती बोलायला लागली आणि वाजंत्रीवाल्याने घाबरून सनई तोंडातून काढली, इतका तिचा आवाज चढला. "काय बघू, व्याही? आमच्या हितं असंच बघितलं. पाटावर कोन बसंल, ते दोन महिने बघत बसले. तवर काखंत गेलं माझ्या! इचारा ह्यांना, हे उभे हायत!" येसाजी उभा होता. त्याने मान खाली घातली. "मुंबईची मोटार सकाळी कितीला जाते हितनं?"

"सातला."

"सातला ह्यांना घेऊन नाक्यावर या. पूजेला माझी थोरली जाऊ बसंल भिवाजीदादांसंगं, तुमच्याकडनं कुनीबी बसंल. नाय आलात तर मी घरात येऊन हिला घेऊन जाईन. पोरीची सासू हाय मी, मला कोन अडवतंय बघू!"

मांडवात हजारभर माणूस. पंगतीतल्या माना पानांवर वाकल्या. कोपऱ्यात उभी असलेली एक पोरगेली बाई मात्र भिंतीला टेकून आपल्या काखेत हात घालून चाचपत होती आणि सुंदरा आपल्याकडे बघते आहे हे लक्षात येताच तिने हात काढून घेतला. "घाल, घाल," सुंदरा म्हणाली. "नीट बघ."

सकाळी सातच्या आधीच नाक्यावर इंदूबाई आली. हातावरची हळद पुरती धुतलेली नव्हती, हिरवा चुडा अजून कोरा होता. व्याही बरोबर होता. मोटार लांबून येताना दिसली, ती भरलेली होती आणि थांबायचं तिचं लक्षण नव्हतं. अंबाबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून तिने डावा वर केला आणि तो खाली घेतला नाही.

ड्रायव्हर शिव्या देत थांबला. सुंदराने त्याला दुप्पट दिल्या आणि इंदूबाईला पुढच्या सीटवर ढकललं.